संत फ्रान्सिस डी सेल्स : व्यापांतील शांति

संसारी मनुष्याच्या अनेक दुःखांपैकीं एक दुःख असें आहे कीं, तें बहुधा कोणी मोठ्यानें बोलून दाखवीत नाहीं. कामें फार झालीं, वेळ थोडा उरला, ज्याचें त्याचें मागणें अपुरें राहिलें, आणि मन मात्र विहिरींत टाकलेल्या दगडाप्रमाणें खालीं खालीं चाललें, अशी अवस्था आज घरोघर दिसते. पहाटे उठून सर्वांचे डबे भरणारी माता, गाडीच्या गर्दींत उभ्यानें प्रवास करणारा कारकून, आजारी आईबापांची शुश्रूषा करून रात्रीं हिशेबाची वही उघडणारा मुलगा, शेताचीं कामें व लेकरांच्या परीक्षा एकाच आठवड्यांत अंगावर आलेली विधवा, ह्या सर्वांस ती ठाऊक आहे. पुष्कळदां अशा माणसास वाटतें कीं, आपली श्रद्धाच उणी पडली. संत लोक अशा धांदलींत कधीं सांपडले नसतील. ते मठांतील शांत कोठडींत बसून प्रार्थना करीत असतील, आणि म्हणूनच त्यांचीं मनें स्थिर राहिलीं असतील.

हा समज दूर करण्यास संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या चरित्रासारखें दुसरें साधन क्वचितच सांपडेल. ते अरण्यवासी नव्हते, मठवासीहि नव्हते. डोंगराळ मुलखांतील सुमारें साडेचारशें धर्मग्रामांचा भार ज्यांच्या माथ्यावर होता, ज्यांच्या दारीं सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ लागलेली असे, ज्यांच्या मेजावर उत्तराची वाट पाहणाऱ्या पत्रांचा ढीग कधींच संपला नाहीं, असे ते कामांत गढून गेलेले बिशप होते. स्वभावानें ते मूळचे तापट. तारुण्यांत निराशेच्या खोल गर्तेंत पडून आलेले. असें असूनहि शांत मनाचे गुरु म्हणून जगानें त्यांस ओळखलें. ती शांति त्यांस कोठून मिळाली, व ती मिळविण्यास त्यांस काय मोल द्यावें लागलें, हें पाहणें ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या प्रसंगीं आपणां सर्वांस हितकर होईल. कारण उत्सवाच्या धांदलींतच मनुष्य आपली शांति प्रथम हरवून बसतो.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं सॅव्हॉय प्रांतांत, थोरां गांवाजवळील सेल्स नांवाच्या गढींत झाला. आल्प्स पर्वताच्या कुशींतला हा मुलूख आज फ्रान्स देशांत मोडतो. त्या काळीं तेथें स्वतंत्र ड्यूकचें राज्य होतें. पिता उमराव घराण्यांतील करारी गृहस्थ. माता वयानें फार लहान व मोठी भाविक. फ्रान्सिस हे थोरले पुत्र. ज्येष्ठ पुत्रानें कायदा शिकावा, सॅव्हॉयच्या वरिष्ठ न्यायसभेंत मानाची जागा मिळवावी, थोर कुळांतील कन्येशीं विवाह करावा व घराण्याचें नांव पुढें चालवावें, असा पित्याचा बेत जणूं पाळण्यांतच ठरला होता. मुलाच्या मनांत मात्र धर्मगुरु होण्याची इच्छा लहानपणींच रुजली होती. पित्याचा धाक व मनाची ओढ ह्या दोहोंच्या मध्यें त्यांचें तारुण्य गेलें. दुसऱ्याच्या अपेक्षांचें ओझें म्हणजे काय, हें त्यांस पुढें कोणा पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

शिक्षणासाठीं त्यांस पॅरिस येथें येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेर्मों विद्यालयांत ठेवण्यांत आलें. तेथें ते अभ्यासांत पुढें होते, उपासनेंत नियमित होते, आणि बरोबरीच्या मुलांस प्रिय होते. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांच्या जीवनांत कांहीं उणें दिसलें नसतें. परंतु १५८६ सालच्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांच्यावर एक विलक्षण संकट कोसळलें. कोणाचें तारण होणार व कोणाचें नाहीं हें परमेश्वरानें आधींच ठरविलें आहे काय, ह्या प्रश्नावर त्या काळीं पंडितांत मोठे वाद चालत. ते ऐकतां ऐकतां ह्या तरुणाच्या मनानें घेतलें कीं, आपण नाशाकडे जाणाऱ्यांपैकींच आहों. एकदां हा विचार आंत शिरल्यावर तो निघेना. अन्न गोड लागेना, झोंप येईना, शरीर कृश व पिवळें पडलें. प्रार्थनेस बसावें तर देवाचें मुखच आपणांपासून वळलें आहे असें वाटे. सुमारें सहा आठवडे हें दुःख त्यांनीं सोसलें.

अखेर एके दिवशीं ते संत स्तेफन यांच्या देवळांत गेले आणि पवित्र मरिया मातेच्या मूर्तीसमोर त्यांनीं गुडघे टेकले. तेथें त्यांनीं वादाचा निकाल मागितला नाहीं. परलोकीं आपलें कांहींहि होवो, निदान ह्या लोकीं जोंवर श्वास आहे तोंवर देवावर प्रेम करण्याची कृपा आपणांस मिळावी, एवढेंच त्यांनीं मागितलें. मग मरियेच्या आश्रयाची एक जुनी प्रार्थना त्यांनीं म्हटली, आणि अंगावरून खपली गळून पडावी तशी ती निराशा गळून पडली असें त्यांस वाटलें.

ह्या प्रसंगांतून दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हा आघात आळशी किंवा अधर्मी मुलावर झाला नाहीं. तो नित्य प्रार्थना करणाऱ्या, सरळमार्गी मुलावर झाला. मन खचणें हा कांहीं श्रद्धाहीनतेचा पुरावा नव्हे. दुसरी ही कीं, सारें भविष्य एकदम हातीं धरण्याचा यत्न त्यांनीं सोडला, व आजच्या दिवसापुरतें जें करतां येईल त्यास ते बिलगले, तेव्हांच त्यांची सुटका झाली. पुढें हजारों जीवांस त्यांनीं जी वाट दाखविली, तिचा उगम ह्या सहा आठवड्यांच्या अंधारांत आहे.

१५८८ सालीं पित्यानें त्यांस कायद्याच्या अभ्यासासाठीं इटलींतील पादुआ येथें पाठविलें. तेथें ते एकदां मरणाच्या दारापर्यंत जाऊन आले, इतकें कठीण दुखणें त्यांस झालें. १५९१ सालीं त्यांनीं कायद्याची सर्वोच्च पदवी घेतली, व त्यानंतर ते स्वदेशीं परतले. पित्यानें वकिलीची सोय केली होती, वधूहि पाहून ठेविली होती. तेव्हां फ्रान्सिस यांनीं आपला निश्चय उघड केला. पित्याचें मन मोडूं नये म्हणून त्यांच्या एका चुलतबंधूनें खटपट करून त्यांस जिनीव्हाच्या धर्मप्रांतांत प्रोव्होस्ट, म्हणजे बिशपाच्या खालोखाल मानाचें पद, मिळवून दिलें. पित्यानें नाइलाजानें संमति दिली, आणि १८ डिसेंबर १५९३ रोजीं फ्रान्सिस यांस गुरुदीक्षा मिळाली.

जिनीव्हाचे बिशप त्या काळीं जिनीव्हांत राहत नसत. तें नगर १५३५ पासून नव्या पंथाकडे गेलें होतें. म्हणून बिशपांचें ठाणें आनसी ह्या लहान गांवीं, सुंदर सरोवराच्या कांठीं होतें. जिनीव्हा सरोवराच्या दक्षिणेस शाब्ले नांवाचा प्रदेश आहे. तेथील लोकहि दोन पिढ्यांपासून कॅल्विनपंथी झालेले होते. तेथें जाऊन उपदेश करण्यास कोणी तयार होईना. १४ सप्टेंबर १५९४ रोजीं फ्रान्सिस आपले चुलतबंधु लुई यांस बरोबर घेऊन पायींच निघाले. पित्याला हें साहस मुळींच पसंत नव्हतें.

पुढील महिन्यांची हकीकत वाचतांना आजहि मन द्रवतें. थोनों ह्या मुख्य गांवीं रात्रीं राहणें धोक्याचें, म्हणून दोघेहि सुमारें दोन कोसांवरील आलँजच्या किल्ल्यांत राहत, सकाळीं चालत थोनोंला जात व संध्याकाळीं परतत. थंडी आल्प्सची, वाटेंत बर्फ व लांडगे. आणि इतकें करून ऐकावयास येणारी माणसें मोजकींच. लोकांस प्रवचनास जाण्याची बंदी होती. जाणाऱ्याची निंदा होई. कित्येक महिने लोटले तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच माणसें वळलीं. घरून परत येण्याचा तगादा, जिवाला धोका, जवळ पैसा नाहीं आणि कामाचें फळ दिसत नाहीं! दुसरा कोणी असता तर त्यानें नशिबास बोल लावून घर गांठलें असतें.

फ्रान्सिस यांनीं दोन गोष्टी केल्या. आवाज चढविण्याचें त्यांनीं नाकारलें. आणि मोठें काम हातून होत नाहीं म्हणून लहान काम सोडलें नाहीं. लोक प्रवचनास येत नाहींत, तर प्रवचनच लोकांच्या घरीं जावें, ह्या विचारानें १५९५ च्या आरंभापासून त्यांनीं लहान लहान पत्रकें लिहिण्यास सुरुवात केली. हीं पत्रकें हातोहात वांटलीं जात, दारांच्या फटींतून आंत सरकविलीं जात. दररोज एक पान, दररोज एक मुद्दा. ह्याच कार्यामुळें पुढें १९२३ सालीं अकरावे पायस ह्या पोपमहाशयांनीं त्यांस लेखकांचे व वृत्तपत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलें. १५९६ च्या नाताळांत थोनोंच्या देवळांत त्यांनीं मिस्साबलि अर्पण केला, आणि १५९८ च्या शरद ऋतूंत तेथें चाळीस तासांच्या आराधनेचा मोठा सोहळा झाला, त्या वेळीं शाब्लेंतील बहुतेक जनता कॅथॉलिक सभेंत परत आली होती. ह्या अखेरच्या यशाला ड्यूकच्या राजसत्तेचाहि हातभार लागला, हें इतिहासाला धरून सांगितलें पाहिजे. परंतु राजसत्ता पुढें येण्यापूर्वीं चार हिवाळे एका शांत माणसानें बर्फांतून चालून दारें ठोठावलीं होतीं, हेंहि तितकेंच खरें.

१६०१ सालीं पिता वारले. पुढील वर्षीं वृद्ध बिशपांचा मृत्यु झाला आणि ८ डिसेंबर १६०२ रोजीं, आपल्या गांवच्या थोरां येथील देवळांत, पस्तीस वर्षांच्या फ्रान्सिस यांचा बिशपपदाचा अभिषेक झाला. आतां खरा व्याप सुरू झाला. उत्पन्न थोडें, धर्मप्रांत विस्तीर्ण व डोंगराळ, कित्येक ठिकाणीं धर्मगुरु अर्धशिक्षित, ठिकठिकाणीं जुने कज्जे. १६०५ ते १६०८ ह्या वर्षांत त्यांनीं धर्मग्रामांच्या भेटीचा मोठा दौरा केला. जेथें घोडें जाईना तेथें ते पायीं गेले, जेथें पायवाट नव्हती तेथें वाटाड्यांच्या आधारें चढले. खेड्यांत पोंचल्यावर विश्रांति नाहीं. प्रवचन, पापनिवेदनें, दृढीकरणाचा संस्कार, भांडणांचा निवाडा, आणि रात्रीं मिणमिणत्या दिव्यापाशीं पत्रें. त्यांचीं सुमारें दोन हजार पत्रें आज उपलब्ध आहेत. लिहिलेलीं त्याच्या कित्येक पट असावीं.

आनसीच्या त्यांच्या घराचें दार कोणासहि बंद नसे. रविवारीं ते लहान मुलांस जमवून स्वतः धर्मशिक्षण देत. बिशपानें हें हलकें काम कां करावें असें विचारणारेहि होते. ह्याच काळांत मार्टिन नांवाचा एक जन्मतः बहिरा व मुका तरुण त्यांस भेटला. त्यास धर्म शिकविणें अशक्य आहे असें सर्वांस वाटे. फ्रान्सिस यांनीं त्यास आपल्या घरीं ठेवून घेतलें, खुणांची एक भाषा जमविली, आणि हळूहळू, महिन्यामागून महिने, त्यास धर्माचीं तत्त्वें समजावून देऊन पवित्र कम्युनियनसाठीं तयार केलें. साडेचारशें धर्मग्रामांचा कारभार पाहणाऱ्या मनुष्यापाशीं एका मुक्या मुलासाठीं वेळ कोठून आला? ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या कार्यपद्धतींत आहे. पुढ्यांत जो मनुष्य बसला असेल त्याचेंच काम जणूं जगांत एकटें काम आहे, अशा रीतीनें ते वागत. तें संपलें म्हणजे दुसरें. दहा कामें हातीं असलीं तरी मन एका वेळीं एकाच कामाला द्यावयाचें, हा नियम त्यांनीं जन्मभर पाळला.

ही शांति त्यांस जन्मतः लाभली होती असें मात्र कोणी समजूं नये. त्यांचें रक्त गरम होतें. उद्धट माणूस समोर आला म्हणजे त्यांचा चेहरा लाल होई, परंतु तोंडून कडू शब्द निघत नसे. क्रोध जिंकण्यास त्यांस सुमारें वीस वर्षें लागलीं असें परंपरेनें सांगतात. मृत्यूनंतर वैद्यांस त्यांच्या पित्ताशयांत खडे आढळले, तेव्हां दाबून ठेविलेल्या रागाचेच ते खडे झाले असें भाविकांनीं म्हटलें. आजचें वैद्यक ही उपपत्ति मान्य करणार नाहीं. तथापि त्यांची सौम्यता पाहणाऱ्या लोकांस ती किती कष्टानें मिळविलेली वाटत होती, हें त्यावरून कळतें.

आतां त्यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथाकडे वळूं. त्यांच्या एका नातलगाची पत्नी, मादाम द शार्मोआसी, ही संसारांत व दरबारी व्यवहारांत वावरणारी स्त्री होती. जगांत राहून देवाची भक्ति कशी करावी, हें तिला जाणून घ्यावयाचें होतें. फ्रान्सिस यांनीं तिच्यासाठीं लहान लहान टिपणें लिहून दिलीं. तीं एका येशूसंघीय धर्मगुरूच्या पाहण्यांत आलीं आणि त्यांनीं तीं छापण्याचा आग्रह धरला. त्यांतूनच १६०९ सालीं भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा तो ग्रंथ बाहेर पडला. तो फिलोथेआ, म्हणजे देवावर प्रेम करणारा जीव, ह्या नांवास उद्देशून लिहिलेला आहे. त्या काळीं पुष्कळांची समजूत अशी कीं, खरी भक्ति मठांतच घडते. फ्रान्सिस यांनीं ती समजूत मोडून काढली. बिशपानें मठवासी संन्याशासारखें एकांतांत राहूं नये, कारागिरानें साऱ्या दिवसभर देवळांत बसूं नये, विवाहित स्त्रीनें घर टाकून उपासना करूं नये. ज्याचा जो धंदा व ज्याचें जें कर्तव्य, त्याला अनुरूप अशीच त्याची भक्ति असली पाहिजे, असें त्यांनीं शिकविलें.

ह्या ग्रंथांत मनाच्या अस्वस्थतेवर त्यांनीं एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. पापाखालोखाल जीवाचें अधिक नुकसान करणारी दुसरी गोष्ट नाहीं, असें त्यांचें मत. काळजी घेणें व काळजी करणें ह्यांत त्यांनीं स्पष्ट भेद केला. कामाची काळजी घेणें हें कर्तव्य. देवदूतहि आपल्या रक्षणाची काळजी घेतात. पण काळजी करीत धांवाधांव करणें म्हणजे बुद्धीवर धुरळा उडविणें. त्यानें काम लवकर होत नाहीं, उलट बिघडतें. जाळ्यांत सांपडलेलें पांखरूं जसजसें फडफडतें तसतसें अधिक गुंततें, हें उदाहरण त्यांनीं दिलें आहे. म्हणून मन खवळलें असतां कोणताहि मोठा निर्णय करूं नये; प्रथम मन शांत करावें, देवाचें स्मरण करावें, मग हळूहळू पाऊल टाकावें. आपल्या हातून चूक झाली तर स्वतःवर दांत ओठ खाऊं नये. दुसऱ्याच्या दुर्बळ मुलाशीं आपण जितक्या मायेनें बोलूं, तितक्याच मायेनें आपल्या मनाशीं बोलावें व पुन्हां उठावें. दिवसभरांत कामाच्या मध्येंमध्यें लहानसा उच्छ्वास देवाकडे पाठवावा. त्याला वेळ लागत नाहीं, आणि तो चुकल्यास त्याची भरपाई दुसऱ्या कशानें होत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मनावरचें ओझें एकट्यानें वाहूं नये. आपल्या धर्मगुरूस किंवा विश्वासू स्नेह्यास तें उघडून सांगावें. दुःख सांगितल्यानें अर्धें हलकें होतें, हें त्यांनीं अनुभवानें लिहिलें. आजच्या काळीं ह्यांत चांगल्या वैद्याचीहि भर घालावी. कारण कांहीं वेळां मनाची ग्लानि हा आजारच असतो, आणि त्यावर औषध घेण्यांत कोणताहि कमीपणा नाहीं.

हा उपदेश कोरडा नव्हता, ह्याची साक्ष संत जेन फ्रान्सिस डी शांताल यांच्या चरित्रांत आहे. १६०१ सालीं शिकारींत चुकून सुटलेल्या गोळीनें तिचा पति मरण पावला. पदरीं चार लहान मुलें, सासरा चिडखोर, आणि सासऱ्याच्या घरांत एका दासीचें राज्य. त्या घरीं ती मानी स्त्री अपमान सोशीत दिवस काढीत होती. वर एका अननुभवी मार्गदर्शकानें तिच्यावर प्रार्थनांचें व नियमांचें असें ओझें लादलें होतें कीं, धर्मच तिला जाच वाटूं लागला होता. १६०४ च्या उपवासकाळांत फ्रान्सिस दिजों येथें प्रवचनें देण्यास आले असतां तिची व त्यांची भेट झाली. त्यांनीं प्रथम तिचें ओझें कमी केलें. जें केलें तें प्रेमानें करावें, भीतीनें कांहीं करूं नये; प्रार्थना अशी करावी कीं घरांतल्या कोणासहि तिचा त्रास होऊं नये, असें त्यांनीं तिला शिकविलें. तिला तत्काळ मठांत जावयाचें होतें. त्यांनीं तिला सहा वर्षें थांबविलें, मुलांची व्यवस्था लावून घेतली, आणि मगच ६ जून १६१० रोजीं आनसी येथें व्हिजिटेशन नांवाच्या भगिनीसंघाची स्थापना झाली. मरिया माता एलिझाबेथेच्या भेटीस गेली, त्या प्रसंगावरून हें नांव घेतलें आहे.

ह्या संघाचे नियम पाहिले म्हणजे फ्रान्सिस यांचें मन कळतें. अशक्त, आजारी, विधवा, वयस्क अशा ज्या स्त्रियांस इतर कडक मठांत थारा मिळत नसे, त्यांच्यासाठीं त्यांनीं दार उघडलें. कठोर उपवास व देहदंड यांऐवजीं त्यांनीं नम्रता, सौम्यता व परस्परप्रेम यांवर भर दिला. झोंप व अन्न ह्यांची हेळसांड करणें हें पुण्य नव्हे, असें ते शिष्यांस वारंवार बजावीत. त्यांच्या मृत्यूच्या वेळीं ह्या संघाचे १३ मठ झाले होते.

परंतु जो दुसऱ्यास विश्रांतीचा उपदेश करी, त्याला स्वतःला ती कितपत मिळाली? येथें ह्या चरित्राची वेदना आहे. १६१८ व १६१९ ह्या वर्षीं राजकार्यासाठीं त्यांस पॅरिसमध्यें राहावें लागलें. तेथें रोज प्रवचनाची मागणी, रोज भेटींची गर्दी. तेथेंच राहून मोठें पद स्वीकारण्याची विनंति त्यांस झाली, ती त्यांनीं नाकारली. १६२१ सालीं त्यांचे धाकटे बंधु साहाय्यक बिशप झाले, तेव्हां त्यांस आशा वाटूं लागली कीं, आतां कारभार बंधूच्या हातीं सोंपवून आनसी सरोवरावरील तालोआरच्या टेंकडीवर, संत जर्मेन यांच्या आश्रमांत, लेखणी व जपमाळ घेऊन राहावें. जागाहि पाहून ठेविली होती. पण तें घडावयाचें नव्हतें. १६२२ च्या हिवाळ्यांत ड्यूकची आज्ञा आली कीं, फ्रान्सच्या राजाच्या भेटीसाठीं आव्हिन्यों येथें बरोबर चलावें. प्रकृति ढासळलेली होती. जवळच्यांनीं नको म्हटलें. तरी ते निघाले.

परतीच्या वाटेवर लियों नगरांत त्यांनीं मोठमोठ्या वाड्यांचीं आमंत्रणें सोडून व्हिजिटेशन मठाच्या माळ्याच्या लहानशा घरांत मुक्काम केला. तेथें डिसेंबर महिन्यांत जेन डी शांताल त्यांस भेटली. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांची भेट झाली नव्हती. तिला आपल्या जीवाविषयीं पुष्कळ बोलावयाचें होतें. त्यांनीं तिला आधीं संघाचें कामकाज पुरें करण्यास सांगितलें; मनांतलें बोलणें आनसीला गेल्यावर करूं, असें ठरलें. कामाचें बोलणें झालें आणि ती निघून गेली. ती दुसरी भेट ह्या लोकीं झालीच नाहीं. २७ डिसेंबर रोजीं त्यांस पक्षाघाताचा झटका आला. वैद्यांनीं त्या काळच्या रीतीप्रमाणें डागण्या दिल्या. त्यांनीं त्या मुकाट्यानें सोसल्या. दुसऱ्या दिवशीं, २८ डिसेंबर १६२२ रोजीं, निरपराध बालकांच्या सणाच्या संध्याकाळीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं त्यांनीं प्राण सोडला.

त्यांनीं अखेरचा प्रवास टाळावयास हवा होता काय, असा प्रश्न आज मनांत येतो. आज्ञापालन हें त्या काळच्या धर्माधिकाऱ्याचें कर्तव्य होतें आणि त्यांनीं तें केलें. परंतु त्यांच्या मरणावरून आपण देह झिजवून टाकण्याचा धडा घेऊं नये. कारण त्यांनीं तो कोणासहि शिकविला नाहीं. शिकविली ती दुसरीच गोष्ट. टेंकडीवरील आश्रम त्यांस मिळाला नाहीं, तरी त्याची शांति मिळेपर्यंत ते थांबून राहिले नाहींत. गर्दीच्या दारांत उभें राहूनच त्यांनीं ती आपल्या अंतःकरणांत बांधली. बाहेरचा एकांत बहुतेकांच्या नशिबीं नसतो. आंतला एकांत मात्र कोणासहि नाकारलेला नाहीं.

१६६५ सालीं सातवे अलेक्झांडर ह्या पोपमहाशयांनीं त्यांस संतपद दिलें, आणि १८७७ सालीं नववे पायस यांनीं त्यांस पवित्र सभेचे आचार्य म्हणून गौरविलें. त्यांचा सण पूर्वीं २९ जानेवारीस होत असे. आतां तो २४ जानेवारीस पाळतात. त्यांच्या सौम्यतेनें मोहित होऊन संत जॉन बोस्को यांनीं १८५९ सालीं स्थापिलेल्या आपल्या संघास त्यांचेंच नांव दिलें. मुंबईंत माटुंगा येथील डॉन बोस्को विद्यालयामुळें तो सालेशियन संघ आपणांस सुपरिचित आहे. आणखी एक नातें अधिक जवळचें आहे. १८३८ सालीं ह्या संताच्याच आनसींत फादर मेर्मिए यांनीं त्यांच्या नांवाचा मिशनरी संघ स्थापिला. त्या संघाचे धर्मगुरु १८४६ सालीं विशाखापट्टणम येथें उतरले, आणि तेथून त्यांचें कार्य मध्यप्रांतांत पसरलें. १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तेथील कॅथीड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांनाच अर्पण केलेलें आहे. अशा रीतीनें आल्प्सच्या बर्फांतून चालणारा हा संत मराठी भाषेच्या मुलखांतहि आपल्या कुटुंबाचा आप्त झाला आहे.

वाचकहो, ज्युबिली म्हणजे ताळेबंदाचा दिवस. किती देवळें बांधलीं, किती मुलें शिकलीं, किती संस्कार झाले, हें सर्व आपण आनंदानें मोजतों. त्याबरोबर हेंहि मोजावें कीं, आपल्या धर्मग्रामांत किती जीव मुकाट्यानें ओझ्याखालीं वांकले आहेत. त्यांस उपदेश कमी व हात अधिक हवा. शेजारणीच्या लेकरांस तासभर सांभाळणें, आजाऱ्यापाशीं एक रात्र जागणें, दमलेल्या माणसास मध्येंच न तोडतां ऐकून घेणें, हीं कामें लहान आहेत. पण दारांच्या फटींतून सरकविलेलीं तीं पत्रकेंहि लहानच होतीं. आणि जो स्वतः दमला आहे त्यानें लाजूं नये. आज जेवढें झालें तेवढें देवाच्या हातीं द्यावें, राहिलेलें उद्यांसाठीं ठेवावें, आणि निजावें. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मध्यस्थीनें आपल्या घराघरांत ही सौम्य शांति नांदो, आणि आपल्या धर्मग्रामाचीं पुढील वर्षें तिनेंच भरून जावोत, हीच परमेश्वराचे चरणीं प्रार्थना.